पगार चांगला आहे, मग पाळणाघराला सरकारी मदत कशाला?

  मागच्या भागात आपण नव्या करपद्धतीतले स्लॅब बघितले होते. त्यावर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. तो म्हणाला, "दादा, मी आणि बायको दोघंही आयटीत. डे-केअरला वर्षाला दोन लाख जातात. एवढा टॅक्स भरतो, मग सरकारने निदान या खर्चावर तरी सूट द्यायला नको का?"

खरं सांगू? दीड वर्षापूर्वी हाच मेसेज मी पाठवला असता. आज माझं उत्तर वेगळं आहे. ते कसं बदललं, हे सांगायचं तर आधी एका एक्सेल शीटबद्दल सांगावं लागेल.

आमची मुलगी आता दोन वर्षांची आहे. तिची आई आणि मी, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. बायकोची 26 आठवड्यांची रजा संपत आली, तेव्हा एका रात्री मी लॅपटॉप उघडून हिशेब मांडला. माझं पॅकेज 15 लाख, तिचं 11. तिच्या हातात महिन्याला साधारण 75 हजार येतात. त्याखाली खर्च लिहिले. वाकडमधलं डे-केअर 14 हजार. ऑफिसला जायच्या दिवसांची कॅब 6 हजार. सकाळ-संध्याकाळ घरकामाला आणि मुलीकडे बघायला मावशी, 9 हजार. घ्यायला उशीर झाला की डे-केअर तासाचे वेगळे पैसे घेतं, ते धरले 2 हजार. खाली उरले 44 हजार.

ते शीट घरात सगळ्यांनी बघितलं. आई सांगलीहून व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "चव्वेचाळीस हजारांसाठी एवढ्याशा पोरीला परक्याकडे ठेवायचं? दोन-तीन वर्षं राहिली घरी तर काय बिघडलं?" बायको काहीच बोलली नाही. दोन दिवसांनी तिने राजीनाम्याचा मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवला. मला दाखवला आणि एवढंच विचारलं, "डे-केअर माझ्याच पगारातून का वजा केलंस?"

काय उत्तर देणार? मूल दोघांचं, खर्च मात्र तिच्या कॉलममध्ये. माझ्या पगाराखाली तर मी पेट्रोलही लिहिलं नव्हतं! आणि हे कोणी मुद्दाम शिकवलेलं नाही, हात आपोआपच तिकडे गेला.

दुसरी चूक त्याहून मोठी होती. शीट एका महिन्याचं होतं. तीन वर्षांची गॅप पडली की जातो तो तीन वर्षांचा पगार तर असतोच, शिवाय त्या काळातली दोन-तीन अप्रेझल्स, एखादी स्विच, पीएफ आणि परत येताना "गॅप का आहे?" या प्रश्नावर कमी झालेलं पॅकेज. अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांना 2023 साली नोबेल मिळालं. त्यांच्या कामातला एक मोठा निष्कर्ष असा की श्रीमंत देशांत स्त्री-पुरुषांच्या कमाईतली दरी आज मुख्यतः पहिल्या बाळानंतर रुंदावते. शिक्षण सारखं, सुरुवातीचा पगार जवळपास सारखा आणि मग बाळ होतं. माझ्या शीटमध्ये या सगळ्यासाठी एकही ओळ नव्हती.

मग माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. म्हटलं, खर्चच कमी करू. सरकारने डे-केअरच्या फीवर करसवलत दिली तर? चला, तेही गणित करून बघू.

2025-26 पासून नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर टॅक्स लागत नाही. पगारदाराची 75 हजारांची स्टँडर्ड डिडक्शन धरली तर पावणेतेरा लाखांपर्यंत. म्हणजे माझी बायको, 11 लाखवाली, शून्य टॅक्स भरते. तिला डे-केअरवर 1 लाखाची सूट दिली, तर तिचा फायदा किती? शून्य. मी 15 लाखवाला, माझा वरचा स्लॅब 15 टक्क्यांचा. मला वाचतील सेस धरून 15,600 रुपये. आणि ज्याचं उत्पन्न 24 लाखांच्या बरंच वर आहे, तो 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये. त्याला वाचतील 31,200.

कळतंय का? जितका पगार जास्त, तितकी मदत जास्त. आणि जिचा पगार डे-केअरमुळे खरंच धोक्यात आहे, जिच्या ड्राफ्टमध्ये राजीनामा पडलाय, तिला काहीच नाही. "आम्ही एवढा टॅक्स भरतो" हे वाक्य बोलायला सोपं आहे, पण आमच्या घरात तर ते निम्मंच खरं होतं.

बरं, मग सध्या कायद्यात काय आहे? मॅटर्निटी बेनिफिट कायदा 1961 चा. 2017 साली त्यात दुरुस्ती झाली आणि रजा 12 वरून 26 आठवड्यांची झाली. त्याच दुरुस्तीत पाळणाघराचं कलम आलं. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर कंपनीने पाळणाघराची सोय करायची आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं. आईला. बापाला किती वेळा, ते कायदा सांगत नाही. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही 50 ची अट आलेली आहे.

यातली गोम अशी की रजेचा पगार कंपनीने द्यायचा, पाळणाघराचा खर्चही कंपनीनेच करायचा. सरकार नियम करतं, बिल दुसऱ्याला पाठवतं. मग एखादा छोटा मालक मुलाखतीत "लग्न झालंय का? प्लॅन काय?" असं का विचारतो, ते समजतं. समर्थन नाही करत मी, पण समजतं. त्यातून आमच्या कंपनीची सोय हिंजवडीत, ऑफिसशेजारी. हायब्रिडमध्ये मी आठवड्यातून तीनच दिवस तिकडे जातो. उरलेले दोन दिवस पोरीला त्या ट्रॅफिकमधून नेऊन ठेवायचं आणि परत घरी येऊन लॉगिन करायचं? कागदावर सोय आहे, वापरायला नाही.

आता मावशींबद्दल.

पावसाळ्यात एकदा डे-केअरमध्ये हँड-फूट-माउथची साथ आली आणि त्यांनी आठवडाभर दार बंद ठेवलं. माझं त्याच दिवशी प्रॉडक्शन रिलीज, बायकोचा क्लायंटसोबत डेमो. बायकोने मावशींना विचारलं, "आजचा दिवस थांबाल का? वेगळे पैसे देते." मावशी म्हणाल्या, "थांबले असते हो ताई. पण मोठीचा पेपर आहे आज. ती शाळेत गेली की धाकट्याला कोण बघणार?"

धाकटा चार वर्षांचा. तो अंगणवाडीत जातो, पण अंगणवाडी काही तासांत सुटते. पुढे त्याला सांभाळते ती मोठी बहीण, सहावीतली. एरवी ती अर्ध्या शाळेतून घरी येते, कधी जातच नाही. दोन वर्षं मावशी आमच्या मुलीला सांभाळत होत्या आणि त्यांच्या मुलाला त्यांची मुलगी सांभाळत होती. म्हणजे आमचं डे-केअर नीट चालायचं ते एका सहावीतल्या पोरीच्या शाळेच्या जिवावर. आणि हे मला इतक्या दिवसांत कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

डेमो बायकोने पुढे ढकलला, मी रिलीज केलं. कोणी ढकलायचं, ते परत आपोआप ठरलं. पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यातला प्रश्न बदलला. "आम्हाला सूट मिळेल का?" याऐवजी "या साखळीत पहिली कडी कोणती तुटते?" असा झाला.

सरकार या बाबतीत काहीच करत नाही, असंही नाही. आयसीडीएस, म्हणजे अंगणवाडी योजना, 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली. देशात आज सुमारे 14 लाख अंगणवाड्या आहेत. पण अंगणवाडी ही नोकरी करणाऱ्या आईच्या वेळेप्रमाणे बनवलेलीच नाही. तिचा जोर पोषण, लसीकरण आणि शाळापूर्व शिक्षणावर. दिवसभराच्या पाळणाघरासाठी केंद्राची 'पाळणा' योजना आहे, मिशन शक्तीखाली, 2022 पासून. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. त्यात अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं आहे आणि उद्दिष्ट होतं 17,000 चं. 14 लाखांसमोर 17,000. भागाकार तुम्हीच करा.

इथे कोणी म्हणेल, सोपं आहे मग. एक रेघ मारा. अमुक लाखांखालच्यांना मदत, वरच्यांना नाही. मलाही आधी हेच बरोबर वाटलं. पण अशी रेघ मारल्यावर काय होतं, ते माझ्या जुन्या टीम लीडकडून कळलं. तो माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठा, कोल्हापूरचा, आता इंग्लंडमध्ये स्थायिक. मागच्या वर्षी फोनवर म्हणाला, "अरे, पगारवाढ मिळाली आणि मी एचआरला सांगितलं, सगळी पेन्शनमध्ये टाका. हातात नको." मला वाटलं चेष्टा करतोय.

चेष्टा नव्हती. इंग्लंडमध्ये सप्टेंबर 2025 पासून नोकरदार आईबापांच्या मुलांना नऊ महिन्यांपासून शाळेत जाईपर्यंत आठवड्याला 30 तासांचं पाळणाघर सरकारी पैशाने मिळतं, वर्षातले 38 आठवडे. शिवाय 'टॅक्स-फ्री चाइल्डकेअर' आहे. तुम्ही खात्यात 8 पौंड भरले की सरकार 2 घालतं, एका मुलामागे वर्षाला 2,000 पौंडांपर्यंत. अट अशी की दोघांपैकी एकाचंही करासाठी धरलेलं वार्षिक उत्पन्न 1 लाख पौंडांच्या वर नको. एक पौंड जरी वर गेलं, तरी 30 तासही गेले आणि ही मदतही गेली. तीन-चार वर्षांच्या मुलांना सरसकट मिळणारे 15 तास तेवढे राहतात. त्यात 1 लाखाच्या वर करमुक्त रक्कमही कमी होत जाते, म्हणजे टॅक्सही वाढतो. म्हणून लोक जास्तीची कमाई पेन्शनमध्ये टाकतात, कारण मग ती या हिशेबात धरली जात नाही. काही जण तास कमी करून घेतात.

आणि गंमत बघा. नवरा-बायको दोघंही 99 हजार कमावत असतील, म्हणजे घरात 1 लाख 98 हजार, तर मदत चालू. एकटी आई 1 लाख 1 हजार कमावत असेल तर बंद. आपल्या भाषेत सांगायचं तर कोणीतरी सरळ इफ-एल्स लिहिलंय आणि एज केस टेस्ट केलीच नाही.

लीडने अजून एक सांगितलं, तिकडे जायचा विचार करणाऱ्यांनी ऐकून ठेवा. कामाच्या विसावर सुरुवातीची वर्षं सरकारी निधीचा लाभ घेता येत नाही, अशी अट असते. आईबाप दोघंही त्या विसावर असतील तर हे 30 तास आणि टॅक्स-फ्री चाइल्डकेअर, दोन्ही नाही. टॅक्स मात्र पहिल्या दिवसापासून. त्याच्या मोठ्या मुलाचं पाळणाघर असंच पूर्ण खिशातून गेलं.

मग रेघच नको, सगळ्यांना सारखं द्या, हा दुसरा मार्ग. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने 1997 मध्ये तो घेतला. दिवसाला 5 डॉलर, कमाई काहीही असो. आयांच्या नोकऱ्या वाढल्या, हे खरं. पण चांगल्या केंद्रांतल्या जागा कमी पडल्या आणि त्या सुस्थितीतल्या घरांनी जास्त पटकावल्या. ज्यांना फॉर्म कधी निघतो ते माहीत, फोन करायला वेळ आहे, ओळखी आहेत, ते पुढे. आपल्याकडे नर्सरी अ‍ॅडमिशनच्या रांगा बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

मला पटला तो स्वीडनचा प्रकार. तिथे 2002 पासून पाळणाघराच्या फीला वरची मर्यादा आहे. फी ठरते घराच्या उत्पन्नाच्या टक्क्याने. पहिल्या मुलाला जास्तीत जास्त 3 टक्के, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1 आणि एका उत्पन्नाच्या पुढे फी वाढत नाही. कमी कमाई असेल तर कमी भरा, जास्त असेल तर जास्त. एका पौंडाने दार बंद होणं वगैरे प्रकार नाही. स्वीडनचा टॅक्स आणि लोकसंख्या आपल्यासारखी नाही, मान्य. मी आकडे उचला म्हणत नाहीये, रचना बघा म्हणतोय.

तर श्रोत्याच्या प्रश्नाला माझं उत्तर. आपल्यासारख्या चांगल्या पगाराच्या लोकांना सरकारने डे-केअरसाठी पैसे द्यावेत का? करसवलतीच्या रूपात नको. तो पैसा असेल तर आधी मावशींच्या गल्लीतली अंगणवाडी संध्याकाळी सहापर्यंत चालू राहू दे. तिथल्या सेविकेला त्या जास्तीच्या तासांचा पगार मिळू दे. बजेट एकाच गोष्टीपुरतं असेल तर मी बिनशर्त सांगेन, आमचं नाव दुसरं.

पण त्या पाळणाघराचं दार आम्हाला बंदही नको. फी घ्या, पूर्ण खर्चाएवढी घ्या. जागा भरताना प्राधान्य ज्यांना दुसरा पर्याय नाही त्यांना द्या. तरीही आम्हाला आत असू द्या. का, तर दोन कारणं.

एक, आमची खरी अडचण फक्त पैशांची नव्हतीच. डे-केअर शोधताना आम्ही सात ठिकाणं बघितली. एका ठिकाणी विचारलं, "एका ताईमागे किती मुलं?" उत्तर आलं, "अ‍ॅडजस्ट होतं सर." दुसरीकडे दुपारी मुलं झोपतात ती खोली बघायची म्हटलं, तर "आत्ता नको" म्हणाले. भिंतीवर कार्टून छान होतं. 2018 मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने पाळणाघरांसाठी किमान निकषांची मार्गदर्शक तत्त्वं काढली, पण गल्लीतल्या डे-केअरमध्ये ती कोण येऊन तपासतं? तपासणी, नोंदणी, प्रशिक्षण ही मदत पैशाने विकत घेता येत नाही. 14 हजार देऊनही मला ती मिळाली नाही. ती सरकारनेच द्यायची असते आणि ती मिळाली तर आमच्या मुलीलाही मिळेल, मावशींच्या मुलालाही.

दोन, महापालिकेच्या शाळांचं काय झालं ते आठवा. आपले आजोबा, वडील त्याच शाळांत शिकले. मग ज्यांना परवडलं ते बाहेर पडले आणि त्यांच्याबरोबर तक्रार करणारे, मीटिंगला येणारे, नगरसेवकाला फोन लावणारे लोकही बाहेर पडले. फक्त गरिबांसाठी ठेवलेली सोय हळूहळू गरीब होत जाते. माझी मुलगी जर त्याच पाळणाघरात असेल, तर नळाला पाणी नाही म्हणून पहिला मेल मीच टाकेन, हे मला माझ्याबद्दल पक्कं माहीत आहे.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, "तुमचं मूल, तुमचा खर्च." बरोबर आहे, म्हणूनच फी भरायला तयार आहे. पण रस्ता, शाळा, लस या बाबतीत आपण असं म्हणत नाही. उद्या हीच मुलं कमावती होतील आणि ज्यांना मुलं नाहीत त्यांच्या म्हातारपणीचे डॉक्टर, ड्रायव्हर, नर्सही यातूनच येणार आहेत.

दुसरा, "आजी-आजोबा आहेत की." माझी आई येऊन राहिली तीन महिने. गुडघे दुखत असताना मुलीमागे धावली. शेवटी एका रात्री म्हणाली, "मला माझं घर आठवतंय रे." आजीने नातीबरोबर खेळावं, तिला पूर्ण वेळची नोकरी लावू नये.

करता येण्यासारखी एक गोष्ट सांगून थांबतो. मोठ्या ले-आउटमध्ये बिल्डरला अ‍ॅमिनिटी स्पेस सोडावी लागते. तुमच्या भागात ती कुठे आहे आणि सध्या तिथे काय चालतं, ते शोधा. त्यातली एक-दोन खोल्यांची जागा पाळणाघराला मिळावी, उत्पन्नाप्रमाणे फी, परिसरात कामाला येणाऱ्या बायकांच्या मुलांना आधी प्रवेश, अशी मागणी आम्ही सोसायटीच्या ग्रुपवर टाकली आहे. चाळीस जणांनी अंगठा दिला, सह्या आल्या अकरा. एकाने लिहिलं, "कामवाल्यांची मुलं आणि आपली मुलं एकत्र?" त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. समोर भेटून बोलणार आहे.

आणि हो, बायकोने राजीनामा पाठवला नाही. ड्राफ्ट अजून मेलमध्ये आहे, मला माहीत आहे. शीट मात्र तिने नवीन बनवलं. त्यात डे-केअर दोघांच्या पगारातून वजा होतं, सुट्ट्यांच्या दिवसांचा कॉलम आहे आणि त्यात माझं नाव तिच्याइतक्याच वेळा आहे. गेल्या महिन्यात दोन डेमो मी पुढे ढकलले.

तुमच्याकडे डे-केअरची फी किती आहे, किती वाजता बंद होतं आणि ते बंद असलं की घरात कोण सुट्टी घेतं, हे मला व्हॉइस मेसेजवर नक्की सांगा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर खरं द्या. पुढच्या भागात ते मेसेज ऐकू. तोवर काळजी घ्या, भेटूया!